पोपच्या निवडणुकीत तुमचं मत कुठे होतं?

८ मे २०२५ची रात्र. भुसावळला आमच्या घरी टीव्हीसमोर शेजारपाजारचे चार-पाच जण बसले होते. नवे पोप निवडले गेल्याची खूण म्हणून रोममधल्या चिमणीतून पांढरा धूर निघाला तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजून गेले होते. तासाभरानं नवे पोप लिओ चौदावे बाल्कनीत आले आणि खाली चौकात एकच जल्लोष झाला. आमच्या गल्लीतले आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, युनियनच्या निवडणुकांत मुरलेले. त्यांनी मला विचारलं, "तू मत कधी दिलं रे?"

"मला मत नसतं, आप्पा."

"तुमच्या फादरला?"

"त्यांनाही नसतं."

"मंग कोनाले?"

"१३३ कार्डिनलांना. म्हणजे पोपनी नेमलेले मोठे धर्मगुरू. जगभरातून आलेले असतात. त्यांत आपल्या देशाचे चौघं."

आप्पांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. जगात कॅथलिक, म्हणजे पोपना मानणारे ख्रिस्ती, सुमारे १४० कोटी आणि मतं १३३. "आमच्या पतपेढीचा चेअरमन निवडायला पण यापेक्षा जास्त लोक लागतात," ते म्हणाले आणि पेढा उचलला. पेढे अर्थातच मी आणले होते.

चिडवण्याचा भाग सोडला तर प्रश्न अगदी बरोबर होता. कॅथलिक चर्चमध्ये फादर, बिशप, पोप यांचा अधिकार नेमका कुठून येतो आणि बाकावर बसणाऱ्या आमच्यासारख्यांचा अधिकार किती? जन्मापासून चर्चला जाणाऱ्या पुष्कळांनाही हे नीट सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. त्या रात्रीनंतर जरा वाचलं, विचारलं, ते इथे मांडतो.

आधी दोन शब्द

चर्चच्या कायद्यानं माणसांचे दोन खण केले आहेत. ज्यांना गुरुदीक्षा मिळाली ते धर्मगुरू. ज्यांना मिळाली नाही ते प्रापंचिक. गुरुदीक्षा म्हणजे बिशपनं (धर्मप्रांताच्या, म्हणजे अनेक चर्च असलेल्या भागाच्या प्रमुखानं) डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना म्हणून सोपवलेलं काम. तिच्या पायऱ्या तीनच: डीकन (फादरांच्या खालची पायरी), फादर आणि बिशप. पोप हे रोमचे बिशप. त्यांच्यासाठी चौथी दीक्षा नसते. कार्डिनल ही तर निव्वळ पोपनं केलेली नेमणूक.

आता गंमत बघा. शाळेत, दवाखान्यात दिसणाऱ्या सिस्टर कुठल्या खणात? पांढरा झगा, आयुष्यभराची व्रतं, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. गावातल्या लोकांना त्या 'बाई फादर' वाटतात. पण त्यांना गुरुदीक्षा नसते, म्हणून दोनच खण केले तर त्या आमच्या खणात येतात. चाळीस वर्षं एकही मिस्सा न चुकवलेली मदर सुपिरिअर आणि नाताळलाच उगवणारा मी, दोघंही प्रापंचिक. (मिस्सा म्हणजे रविवारची मुख्य उपासना. भाकर आणि द्राक्षरस वेदीवर अर्पण होतात, आणि ते ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतात अशी आमची श्रद्धा आहे.)

'प्रापंचिक' हा शब्द मला खरं तर खटकतो. प्रपंच आणि परमार्थ ही जोडी मराठी कानात इतकी मुरली आहे की प्रापंचिक म्हटलं की तेल-मिठात बुडालेला, परमार्थाला उसंत नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'लाओस'. त्याचा अर्थ लोक, देवाचे लोक. धर्मगुरूंसाठीचा शब्द 'क्लेरोस', म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. शेताच्या वाटणीत येतो तसा वाटा. मुळात एक होते लोक, आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला एक काम आलं. मराठीत येईपर्यंत त्याचे संसारी आणि साधू होऊन बसले.

खान्देशातल्या वाचकाला महानुभाव पंथाचं उदाहरण लगेच सुचेल. तिथे संन्यासी आहेत आणि घरसंसार सांभाळून उपदेश घेणारे वासनिक आहेत. साम्य आहे, पण एका जागी ते तुटतं. प्रत्येक फादर संन्यासी नसतो. जेझुइटांसारख्या संघांतले फादर गरिबीचं व्रत घेतात. धर्मप्रांताचे फादर ते घेत नाहीत. ते अविवाहित राहण्याचं आणि बिशपचं ऐकण्याचं वचन देतात. त्यांच्या नावावर मोटरसायकल असू शकते, बँकेत खातं असू शकतं.

नवापूरचे पाळकसाहेब आणि आमचे फादर

आपल्या भागात गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. नंदुरबार-नवापूरकडे ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकदा प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपना न मानणारी मंडळी. तिथे पाळकसाहेब असतात. त्यांना बायको असते, मुलं असतात. अनेक मंडळ्यांत पाळक ठेवायचा की बदलायचा यात लोकांचा आणि पंचांचा आवाज असतो. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेमुळे गोव्याची, तमिळ, मल्याळी, अँग्लो-इंडियन कुटुंबं आली आणि त्यांच्यातून कॅथलिक वस्ती वाढली. इथे फादर असतात, एकटे राहतात आणि त्यांची बदली होते.

बदली कोण करतं? बिशप. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिकहून पत्र आलं की फादर सामान बांधतात. लोक निरोपसमारंभ करतात, शाल देतात, दोन-चार जण रडतात. कुणाला पाठवायचं हे ठरवताना बिशप सल्ला घेऊ शकतात, पण मतदान नसतं. बिशपना नेमतात पोप. तिथेही मतदान नाही.

गावच्या भाषेत सांगायचं तर सरपंच लोक निवडतात आणि ग्रामसेवक वरून नेमून येतो. फादर नेमून आलेले असतात ग्रामसेवकासारखे, पण बसतात सरपंचाच्या खुर्चीवर. चर्चच्या कायद्यानं धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिकांच्या) वतीनं सही करण्याचा अधिकार त्यांचाच.

हे असं का, याला चर्चचं उत्तर ठरलेलं आहे. अधिकार लोकांकडून वर जात नाही, तो येशूकडून त्याच्या शिष्यांकडे आणि शिष्यांकडून हात ठेवत-ठेवत पुढे आला. नदीचं पाणी उगमाकडून खाली येतं, तसं. मला हे उत्तर मान्य आहे, पण ते अर्धंच आहे असंही वाटतं. कारण अधिकार वरून येतो हे खरं मानलं तरी माणूस कुणी निवडायचा हा वेगळा प्रश्न आहे. ३७४ साली इटलीतल्या मिलान शहरात बिशपची जागा रिकामी झाली. भांडणं होऊ नयेत म्हणून प्रांताचा अधिकारी अँब्रोझ तिथे गेला, तर जमावानं त्याच्याच नावाचा घोष सुरू केला. त्याचा तोवर बाप्तिस्माही (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) झालेला नव्हता! आधी बाप्तिस्मा उरकला, मग दीक्षा दिली. आज हेच अँब्रोझ चर्चच्या सर्वांत मोठ्या आचार्यांत गणले जातात. पोपची निवड कार्डिनलांच्या हाती आली तीसुद्धा १०५९ सालच्या एका हुकमानं. त्याआधी रोमचे धर्मगुरू, सरदार, सामान्य लोक, कधी तर बादशहा, सगळेच त्यात हात घालत. तो घोळ आवरायलाच नियम आला. म्हणजे आप्पांनी ज्याची टिंगल केली तो १३३ मतांचा नियम आकाशातून पडलेला नाही.

केळी म्हणजे मोठा कापूस नव्हे

आता मुद्द्याचा गाभा. फादर आमच्यापेक्षा वरचे आहेत का?

१९०६ साली पोप पायस दहावे यांनी फ्रान्सच्या कॅथलिकांना लिहिलेल्या पत्रात सरळ म्हटलं होतं की बहुसंख्य लोकांचं एकच कर्तव्य आहे: मुकाट कळपासारखं मेंढपाळांच्या मागे चालणं. माझे आजोबा याच हवेत वाढले. मिस्सा लॅटिनमध्ये, फादरांची पाठ लोकांकडे, लोक आपापली जपमाळ ओढताहेत.

मग १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये जगभरच्या बिशपांची मोठी सभा भरली, दुसरी व्हॅटिकन परिषद. तिनं १९६४ साली चर्च म्हणजे काय यावर एक दस्तऐवज काढला. त्यातली एक साधी वाटणारी गोष्ट फार बोलकी आहे, ती म्हणजे प्रकरणांचा क्रम. मूळ आराखड्यात आधी अधिकारी आणि मग लोक होते. शेवटी छापून आलं तेव्हा 'देवाची प्रजा' हे प्रकरण पुढे आलं आणि बिशप-फादरांचं त्याच्या मागे गेलं. आधी आपण सगळे बाप्तिस्मा घेतलेले, बरोबरीचे, आणि मग त्यांतल्या काहींची वेगळी कामं.

त्याच दस्तऐवजात एक वाक्य आहे ज्याचा हमखास उलटा अर्थ लावला जातो. बाप्तिस्म्यानं प्रत्येकाला एक याजकपण (देवापुढे प्रार्थना आणि अर्पण करण्याचं काम) मिळतं आणि दीक्षेनं फादरांना एक याजकपण मिळतं. या दोहोंतला फरक केवळ कमी-जास्तीचा नाही, तो मुळातच प्रकाराचा आहे. लोक म्हणतात, बघा, फादर मुळातूनच वेगळे! पण जरा थांबून विचार करा. फरक कमी-जास्तीचा असता तर फादर 'जास्त ख्रिस्ती' आणि आपण 'कमी ख्रिस्ती' ठरलो असतो. प्रकार वेगळा असला की मोजपट्टीच चालत नाही. रावेरची केळी म्हणजे मोठा झालेला कापूस नव्हे. दोन्ही पिकं एकाच मातीत, एकाच तापीच्या पाण्यावर वाढतात, पण एकाची वाढ दुसऱ्याच्या मापानं मोजत नाहीत.

पाचव्या शतकातले बिशप ऑगस्टीन आपल्या लोकांना म्हणाले होते, "तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्यासोबत मी ख्रिस्ती आहे." पहिल्या गोष्टीची त्यांना भीती वाटे, दुसरीचा आधार वाटे. १९६४च्या दस्तऐवजानं हे वाक्य मुद्दाम उचललं.

आणि पवित्रपणाचा मक्ता दीक्षेकडे नाही, याचा आपल्याच देशातला दाखला आहे. त्रावणकोरचे देवसहायम पिल्लै लग्न झालेले, राजदरबारात नोकरी करणारे. १७४५ साली बाप्तिस्मा घेतला, १७५२ साली गोळ्या घालून त्यांना मारलं. १५ मे २०२२ रोजी त्यांना संत घोषित केलं. ना दीक्षा, ना सिस्टरांसारखी व्रतं, अशा घरसंसारी भारतीयांत संतपद मिळालेले ते पहिले.

फादर नसतील तर काय अडेल?

हा प्रश्न सातपुड्यातल्या पाड्यांवर नुसता पुस्तकी राहत नाही. पावसाळ्यात रस्ता तुटला, फादर दोन रविवार आले नाहीत, तर काय होतं?

प्रार्थना, बायबलवाचन, भजन, आजाऱ्याची विचारपूस, मुलांना धर्मशिक्षण, यांतलं काहीच अडत नाही. बाप्तिस्मासुद्धा अडत नाही. मूल दगावण्याच्या बेतात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. कुणीही म्हणजे खरोखर कुणीही. दवाखान्यातली हिंदू किंवा मुसलमान नर्ससुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं, ठरलेले शब्द म्हणायचे आणि चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचं मनात असलं पाहिजे. तो बाप्तिस्मा पक्का. नंतर फादर पुन्हा देत नाहीत.

लग्नाचं तर त्याहून नवल. आपल्याला वाटतं फादर लग्न लावतात. आमच्या लॅटिन, म्हणजे रोमच्या परंपरेच्या शिकवणीनुसार हा संस्कार एकमेकांना देतात नवरा-नवरी. फादर संमती विचारतात आणि चर्चच्या वतीनं ती स्वीकारतात. १५६३ साली त्यांची हजेरी सक्तीची झाली, कारण चोरून लग्न करून नंतर नाकबूल करणारे फार झाले होते. रजिस्टर लग्नातल्या अधिकाऱ्यासारखं ते काम आहे. आणि महिनाभर फादर मिळण्याची शक्यताच नसेल, तर दोन साक्षीदारांपुढे केलेलं लग्नही चर्च मानतं.

मुख्यतः अडतात त्या गोष्टी तीन: मिस्सा, पापांची कबुली ऐकून क्षमा देणं आणि आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार. या तिन्हींना फादर किंवा बिशप हवेच. दीक्षा द्यायला तर बिशपच लागतात.

जपानची हकिगत इथे आठवते. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढच्या तीस वर्षांत धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. मग दोनशेहून अधिक वर्षं एकही फादर नाही. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत नव्यानं बांधलेल्या चर्चच्या दारात काही शेतकरी आले. फ्रेंच फादर पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितलं की आमच्या मनात तेच आहे जे तुमच्या मनात आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काय जपलं होतं? बाप्तिस्मा, प्रार्थना, सणांची पंचांगं. गावातल्या ठरलेल्या माणसाकडे बाप्तिस्म्याचं काम असे. मिस्सा मात्र नव्हती, कबुली नव्हती. फादरांशिवाय काय टिकतं आणि काय थांबतं, हे सांगणारा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला?

हा आक्षेप महाराष्ट्रात येणारच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो याच प्रश्नावर. देवाकडे जायला मधला भट कशाला? सत्यशोधक पद्धतीनं भटाशिवाय लग्नं लागली, आणि ही चळवळ गावोगाव पोचली. त्या मातीतल्या माणसाला कबुलीची पेटी दिसली की भुवई उंचावतेच.

दलाल म्हणजे ज्याच्याशिवाय सौदा होत नाही आणि जो सौद्यात आपला हिस्सा कापतो. फादरांना कबुलीचे पैसे घेता येत नाहीत. प्रार्थना थेट देवाकडे जाते. माणसाला मनापासून, देवावरच्या प्रेमापोटी पश्चात्ताप झाला आणि पुढे कबुली द्यायची तयारी असली, तर त्याच क्षणी क्षमा मिळते असंच चर्च शिकवतं. मग कबुली कशाला? मला पटलेलं उत्तर असं: स्वतःशी 'चुकलो' म्हणणं आणि दुसऱ्या जिवंत माणसासमोर तोंडानं म्हणणं यात फार अंतर आहे. भावाभावांच्या भांडणात 'मनातून माफ केलं' कुणी धरत नाही. दारात जावं लागतं.

शिवाय जे ऐकलं ते फादरांनी फोडायचं नाही. पोलिसांपुढे नाही, बिशपपुढे नाही, जिवावर बेतलं तरी नाही. थेट फोडलं तर ते त्याच क्षणी चर्चबाहेर टाकले जातात.

फुल्यांचा आक्षेप तरीही पुसला जात नाही. तो संस्कारांना लागू होत नसेल, वागण्याला होतो. मधला माणूस स्वतःला मालक समजू लागला की त्याचा भट झालाच, झग्याचा रंग कोणताही असो.

आणि फादरच नालायक निघाले तर?

हा वाद चौथ्या शतकातला. उत्तर आफ्रिकेत छळाच्या काळात काही बिशपांनी घाबरून धर्मग्रंथ सरकारच्या हवाली केले. पुढे एक गट म्हणाला, अशांनी दिलेले संस्कार फोल आहेत. ऑगस्टीन यांनी याला विरोध केला. संस्कार देणारा खरा कोण, तर ख्रिस्त. मध्ये असलेला माणूस ही नळी. खान्देशातल्या बागाईतदाराला हे समजावून सांगायला नको. ठिबकची नळी मळकी असली तरी केळीला पोचतं ते विहिरीचंच पाणी. वाईट फादरांनी दिलेला बाप्तिस्माही खरा.

हा नियम लोकांच्या सोयीसाठी आहे. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा फादरांचं चारित्र्य कसं होतं, हे मला तपासत बसावं लागू नये म्हणून. पण त्याचा गैरवापर झाला. 'संस्कार खरे आहेत ना, मग माणसाबद्दल कशाला बोलता,' असं म्हणून कितीतरी गोष्टी दाबल्या गेल्या. मळकी नळी पाणी देते म्हणून ती तशीच ठेवायची नसते.

मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणं देशोदेशी उघड झाली तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी जगभरच्या कॅथलिकांना पत्र लिहिलं. त्यांनी रोगाचं नाव घेतलं. आपण मराठीत त्याला 'फादरशाही' म्हणू. दीक्षा म्हणजे सेवेचं काम न मानता हुद्दा मानणं. त्यांनी हेही लिहिलं की ही फादरशाही फक्त धर्मगुरू पोसत नाहीत, प्रापंचिकही पोसतात. २०१९च्या नियमांनी तक्रार कळवणं धर्मगुरू आणि व्रतस्थांना बंधनकारक केलं, आणि बिशपांचीही चौकशी होऊ शकते हे लिहून दिलं. भारतात तर २०१२चा पोक्सो कायदा आहेच. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे 'आधी बिशपना विचारू' ही पळवाट नाही.

दोन प्रश्न, जे हमखास येतात

फादर लग्न का करत नाहीत? हा श्रद्धेचा सिद्धान्त नाही, लॅटिन परंपरेचा कायदा आहे. तो ११२३ आणि ११३९च्या परिषदांनी पक्का केला. पोपना मानणाऱ्या पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चेसमध्ये विवाहित माणूस फादर होऊ शकतो. आमच्याकडेही डीकनची पायरी विवाहितांना १९६७पासून पुन्हा खुली आहे.

बायका फादर का होत नाहीत? १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की चर्चला तसा अधिकारच नाही. दार तिथे बंद आहे आणि अनेकींना ते बोचतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दीक्षा आणि कारभार या दोन गोष्टी आता हळूहळू वेगळ्या होताहेत. २०२२च्या नव्या घटनेनं व्हॅटिकनची, म्हणजे पोपच्या कारभाराची खाती चालवायला प्रापंचिकांना मोकळीक दिली. जानेवारी २०२५मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला एका खात्याच्या प्रमुख झाल्या. अशा जागी बाई बसण्याची ती पहिलीच वेळ.

दानपेटीचा हिशेब

फादरांना दरमहा निर्वाहापुरता भत्ता मिळतो. मिस्सासाठी लोक देणगी देतात. उरलेलं दान धर्मग्रामाचं, फादरांचं नव्हे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असा चर्चचा १९८३चा कायदा म्हणतो. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा हेही त्यात आहे. हिशेब मागणारा प्रापंचिक फादरांचा अपमान करत नसतो, तो कायद्याची आठवण करून देत असतो. हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, कारण आमच्याकडे अजूनही हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं समजतात.

नुसता सल्ला

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. प्रापंचिकांना चर्चच्या भल्याविषयी आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क आहे, आणि कधीकधी ते कर्तव्यही आहे. आदर राखून, पण कळवायचं.

मग एका चर्चची गोष्ट. गाव सांगत नाही. तिथे पन्नासेक वर्षांचे सागवानी बाक होते. एका रविवारी लोक आले तर बाक गायब, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. फादरांनी बाक विकून टाकले होते. कारणही वाईट नव्हतं, वाळवी लागली होती. मिस्सानंतर बाहेर चहाच्या टपरीवर तासभर चर्चा रंगली. आजोबांच्या नावाची पाटी असलेला बाक गेला म्हणून एक जण डोळे पुसत होता. टपरीवर मीही होतो. आत जाऊन फादरांना कुणीच काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात त्याच माणसांनी फादरांच्या वाढदिवसाचा केक आणला.

तिथे समिती होती का? होती. धर्मग्राम परिषद म्हणतात तिला. कायद्यानं तिचं अध्यक्षपद फादरांकडे आणि तिचं मत 'केवळ सल्ला'. ती नेमायची की नाही हेही बिशपच्या मर्जीवर. सल्ला विचारला पाहिजे, ऐकला नाही तर कारण दिलं पाहिजे, असं बंधन नाही. माझ्या मते सगळी गाठ इथे आहे. फादर, बिशप आणि प्रापंचिक यांची कामं वेगळी आहेत, हे मला मंजूर आहे. मिस्सा मी अर्पण करू शकत नाही, याचं मला दुःख नाही. पण बाक विकायला गुरुदीक्षा लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात जी लांबलचक सल्लामसलत घडवली, ती या गाठीपाशीच पोचली. तिला सिनड म्हणतात, ग्रीकमध्ये अर्थ 'सोबतीनं चालणं'. प्रश्नावल्या जगभरच्या धर्मप्रांतांत गेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये रोमच्या सभेत प्रापंचिकांनी पहिल्यांदा मत दिलं, त्यांत सिस्टर धरून ५४ बायका होत्या. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी अंतिम दस्तऐवज मंजूर झाला. एरवी पोप अशा सभेनंतर स्वतःचं वेगळं पत्र लिहितात. या वेळी फ्रान्सिस यांनी तसं केलं नाही, सभेनं लिहिलं तेच स्वीकारलं. त्यात दोन गोष्टी आहेत. धर्मग्राम परिषदा सक्तीच्या कराव्यात, आणि कायद्यातल्या 'केवळ सल्ला' या शब्दांचा फेरविचार व्हावा. कायद्याची कलमं मात्र अजून तीच आहेत. २१ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सिस गेले, आणि हे काम लिओ यांच्या टेबलावर आलं.

हे सगळं मी आप्पांना एका संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितलं. त्यांना अँब्रोझची गोष्ट सगळ्यांत आवडली. सिनडचं ऐकून ते म्हणाले, "मंग तुमची परिषद कधी भरते?"

"फादर बोलावतील तेव्हा."

"आणि अर्ज दिला तर? लेखी?"

युनियनच्या माणसाला तेच सुचणार. मी घरात जाऊन कागद आणला. आप्पांनी चष्मा लावला, वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि विचारलं, "फादर म्हणू का माननीय फादर?"